कोणत्या कलमाखाली?

नानांकडे तक्रार घेऊन गेलं की ते आधी चष्मा लावतात. तक्रार डासांची असो, दारूच्या दुकानाची असो, नाहीतर रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्यांची, मान तिरपी करून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोणत्या कलमाखाली?" डास कलम बघून चावत नाहीत, हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

नाना महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयातून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांनी सभागृहाचे ठराव लिहिले आणि त्या ठरावांचं पुढे काय होतं तेही बघितलं. त्यामुळे महापालिका काय करू शकते, यावर ते फारसं बोलत नाहीत. विषय लवकर संपतो. काय करू शकत नाही, यावर मात्र दुसऱ्या चहाची ऑर्डर आत जाते. प्रत्येक शहरात असा एक नाना असतो. आमचा पुण्यात, बोपोडीला राहतो, एवढंच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर खड्डा पडला, तो नेमका महापालिका संपते आणि खडकी कॅन्टोन्मेंट सुरू होतं तिथे. सोसायटीची पोरं त्यात विटा टाकायला निघाली, तर नाना आडवे आले. हातात खडू आणि नातवाच्या दप्तरातली फूटपट्टी. गुडघे टेकून त्यांनी खड्ड्यातून हद्दीची रेघ ओढायला घेतली. पाण्यावर खडू उठेना. मग दोन्ही काठांवर फुल्या मारल्या, वॉचमनला सुतळीचं एक टोक धरायला लावलं आणि दुसरं स्वतः धरून म्हणाले, "हे बघा. एवढा महापालिकेचा. सुतळीच्या पलीकडे संरक्षण मंत्रालय. अर्ज दिल्लीच्या नावाने करावा लागेल." तेवढ्यात एक स्कूटरवाला येऊन अडकला. "आजोबा, पुढचं चाक तुमच्यात आहे आणि मागचं दिल्लीत. जाऊ का?" नानांनी या प्रश्नाचा खरोखर विचार केला आणि मगच सुतळी खाली केली.

खड्डा तरी दोघांत होता. चौकातल्या सिग्नलला तर नाना एकत्र कुटुंब म्हणतात. खांब महापालिकेने उभारायचा, वाहतूक पोलिसांनी चालवायचा, पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. रस्ता एकेरी करायचा तर अधिसूचना पोलिसांची, पट्टे महापालिकेचे. भटकी कुत्री धरून निर्बीजीकरण करायची आणि जिथून धरली तिथेच आणून सोडायची, हा नियम केंद्राचा. दारूच्या दुकानाचा परवाना उत्पादन शुल्क खात्याचा, आणि बाटली उभी की आडवी हे ठरतं प्रभागातल्या मतदानाने. "मात्र रिकामी बाटली कचऱ्यात पडली," नाना समाधानाने म्हणतात, "की ती महापालिकेची. इथे कोणाचंही दुमत नाही."

त्यांचं आराध्य दैवत म्हणजे १९४९चा महापालिका अधिनियम. पिवळी पडलेली प्रत, पाठीला ब्राऊन पेपर. कलम ६३ मध्ये करावीच लागतील अशी कामं, ६६ मध्ये केली तर केली अशी. रस्त्याची झाडलोट ६३, पोहण्याचा तलाव ६६. पण हे सगळं नानांच्या लेखी वरणभात. खरं पक्वान्न कलम ४५१. महापालिकेने कितीही ठराव करावा, राज्य सरकारला वाटलं तर ते तो आधी निलंबित करणार आणि मग विखंडित, म्हणजे रद्द. विखंडित हा शब्द उच्चारताना नानांचा आवाज कीर्तनकारासारखा लागतो.

पुराव्याला त्यांच्याकडे पुण्याच्याच ४० टक्क्यांचं आख्यान आहे. १९७० साली महापालिकेने ठराव केला, की जो स्वतःच्या घरात स्वतः राहतो त्याला मिळकत करात ४० टक्के सवलत. पुणेकरांनी ती जवळजवळ अर्धं शतक उपभोगली. एका पिढीला तर ती जन्मसिद्ध हक्क वाटत होती. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, की अशी सवलत द्यायला कायद्यात आधारच नाही. सरकारने ठराव विखंडित केला, बिलं फुगली, शहरात हाहाकार. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत परत दिली. कित्येकांना पीटी-३ नावाचा अर्ज भरून आपण आपल्याच घरात राहतो हे सिद्ध करावं लागलं. नानांनी तो अर्ज तीन प्रतींत तयार केला. "तुम्ही कुठे घरात राहता?" नानी म्हणाल्या. "दिवसभर तर खाली कट्ट्यावर असता. खोटं लिहू नका."

घरातलं ४५१ नानींकडे आहे. रविवारी भजी करावीत असा नानांचा ठराव डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या आधारे विखंडित होतो, आणि त्यावर अपील नाही.

आयुक्तांचा विषय निघाला की नाना आवाज खाली आणतात. महापौर सभागृहाचा, पण कारभार आयुक्तांचा, आणि आयुक्त राज्य सरकार पाठवतं. नवी मुंबईत २०१६ साली नगरसेवकांनी आयुक्तांवर अविश्वासाचा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर केला. आयुक्त राहिले. पुढच्या वर्षी बदली झाली, ती सरकारच्या मनात आली तेव्हा. "घटनेत बारावी अनुसूची आहे हो," कोणी तरी तरुण वकील म्हणतो, "७४वी दुरुस्ती, नगरपालिकांसाठी १८ विषय." नाना त्याच्याकडे नव्या जावयाकडे बघावं तसं बघतात. "आहे ना. यादी आहे. द्यायचं की नाही ते राज्याने ठरवायचं. तुमच्या सासऱ्यांनीही यादी केली असेल."

पैशाची गोष्ट त्यांना खरोखर लागते, आणि इथे मला ते पटतात. जकात होती तोवर महापालिकेच्या गल्ल्यात रोज स्वतःचा पैसा पडत होता. पुण्यात २०१३ला जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला. २०१५ला बहुतेक व्यापाऱ्यांचा तोही सुटला. २०१७ला जीएसटीबरोबर मुंबईचीही जकात संपली. आता राज्याकडून अनुदान येतं. "पूर्वी नाक्यावर ट्रक थांबायचे," नाना म्हणतात, "आता मंत्रालयात महापौर थांबतो." हे म्हणताना ते चष्मा काढतात. कलम न सांगता बोललेलं त्यांचं हे एकच वाक्य मला ठाऊक आहे.

हद्दसुद्धा महापालिकेची स्वतःची नाही. नानांचे व्याही फुरसुंगीचे. २०१७ मध्ये राज्याने गाव पुणे महापालिकेत घातलं, २०२४ मध्ये बाहेर काढून उरुळी देवाचीसह नगरपरिषद केली. व्याह्यांनी घर हलवलं नाही, उंबरा हलवला नाही. नाना मात्र दोन्ही वेळा पेढे घेऊन गेले. पहिल्यांदा अभिनंदनाला, दुसऱ्यांदाही अभिनंदनालाच.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, पुढची वर्षं प्रशासकावर गेली. अखेर निवडणूक लागली आणि एक उमेदवार हात जोडत कट्ट्यावर आला. नानांनी त्याचं पत्रक घेऊन लाल पेन्सिल काढली. मेट्रोचं तिकीट कमी करू: महामेट्रो, काट. दारूचं दुकान हटवू: उत्पादन शुल्क, काट. चौकात पोलीस चौकी: गृहखातं, काट. कॅन्टोन्मेंटचा रस्ता रुंद करू: इथे पेन्सिलीचं टोक मोडलं. शेवटी पत्रकात गटारं आणि उमेदवाराचा फोटो उरला.

"नाना, एवढं कळतं तर तुम्हीच उभे राहा की," तो वैतागून म्हणाला.

सरकारी आदेशाच्या शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने अशी ओळ असते, आणि कित्येकदा त्याखाली सही असते मंत्रालयातल्या एका कार्यासन अधिकाऱ्याची. नानांनी आयुष्यभर ती सही बघितली आहे.

"कार्यासन अधिकारी निवडून देतात का?" त्यांनी विचारलं. "देत असतील तर सांगा, उद्या अर्ज भरतो."