विरजणाचं आडनाव

जिंतुरात मे महिन्यात दही लावायला कौशल्य लागत नाही, ते थांबवायला लागतं. सकाळी विरजलेलं दूध दुपारच्या जेवणाला घट्ट होतं आणि चहाच्या वेळेपर्यंत इतकं आंबट, की पहिल्या चमच्याला एक डोळा आपोआप मिटावा. दह्याच्या जिवाणूंना चाळीस-बेचाळीस अंश मानवतात. आमच्या माजघरात ते फुकट मिळतात. डिसेंबरात मात्र परभणीकडचा पारा एखाद्या वर्षी पाचाच्याही खाली जातो. मग तेच पातेलं गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवतात आणि ‘हात लावू नका रे’ म्हणून घरभर दरडावतात.

आमचं विरजण शेजारच्या काकूंचं. त्यांचं त्यांच्या माहेरचं, चारठाण्याचं. दिवेलागणीनंतर मागायला गेलं की ठरलेलं उत्तर : “आता देत नसतेत बाबा, सकाळी ये.”

परवा पुण्याहून भाचा प्रोबायोटिक दह्याचा डबा घेऊन आला. डब्यावर जिवाणूचं नाव, आडनाव, वर नंबर. 2001 साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्याच केली : जिवाणू जिवंत हवेत, पुरेसे हवेत आणि त्यांचा फायदा दिसला पाहिजे. काकूंच्या पातेल्यात कोण राहतं, किती राहतात, याची नोंद कुठेच नाही. भाच्याच्या लेखी ते नुसतंच दही.

या सगळ्याचं मूळ 1905 सालचं. स्तामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन तरुणानं जिनिव्हात आपल्या गावाकडच्या दह्यातला जिवाणू शोधला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या मेचनिकॉफनं त्यावरून दीर्घायुष्याचा सिद्धांत मांडला आणि स्वतः आंबट दूध पीत राहिला. 1908 चं नोबेल त्याला मिळालं, पण ते रोगप्रतिकारशक्तीच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे. वारला एकाहत्तराव्या वर्षी. आमच्या गल्लीत त्या वयाची माणसं लग्नात पंगत वाढतात.

पोटाला दही सोसतं, हे खरंच. दुधातली साखर जिवाणू काही अंशी फोडून ठेवतात, म्हणून दुधानं ज्यांचं पोट फुगतं त्यांनाही दही चालतं. पण हे जिवाणू पाहुण्यांसारखे. खाणं बंद केलं की काही दिवसांत गाशा गुंडाळतात. आणि कढीला उकळी फुटली की तेवढंही उरत नाही. पण म्हणून कढी सोडायची? छे!

रक्ताच्या बाबतीत दावे जरा हळू आवाजात करावेत. 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानं, आठवड्याला दोन कप दह्यानं मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो, असं लिहायला परवानगी दिली. पण पुरावा मर्यादित आहे, हेही सोबत लिहायचं. शाकाहाऱ्यांना दह्यातून थोडं बी-१२ मिळतं, ही जमेची बाजू. उलट दह्यातलं कॅल्शियम लोह शोषायच्या आड येतं.

हेच काकूंना नडलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, दह्यासोबत घेऊ नका. काकूंचं दुपारचं जेवण म्हणजे धपाटे आणि वाडगाभर दही. मी म्हटलं, “मग दही रात्री खात जा.”

“रात्री कुणी दही खात असतंय का?” काकू म्हणाल्या. “दही माहेरापासूनचं हाय. गोळी कालची. तिनं सरकावं की बाजूला.”