हार नको, लॅप मोजा

24 जून 2018. चार भारतीय दिव्यांग जलतरणपटूंनी इंग्लिश खाडी रिले करून पार केली, 12 तास 26 मिनिटांत. मध्य प्रदेशचा सत्येंद्रसिंह लोहिया, राजस्थानचा जगदीशचंद्र तेली, बंगालचा रिमो साहा आणि आपल्या अमरावतीचा चेतन राऊत. या रिलेचे नियम कडक असतात. प्रत्येकानं एक तास पोहायचं, ठरलेला क्रम मोडायचा नाही, वेटसूट घालायचा नाही. पोहताना बोटीचा आधार घेतला की सगळ्यांचीच मेहनत बाद. आपला तास संपला की बोटीत कुडकुडत पुढच्या पाळीची वाट पाहायची आणि पाळी आली की पुन्हा त्याच गार पाण्यात उतरायचं.

असं कुणी काही केलं की आपण स्टेशनवर हार घेऊन उभे राहतो. हाराचे पैसे तेवढे खर्च होतात. खाडीचा खर्च मात्र आधी लागतो: मार्गदर्शक बोट, नोंदणी, व्हिसा, विमान, थंड पाण्याचा सराव. हे सगळं लाखांत जातं आणि त्यासाठी पोहणाऱ्यालाच दारोदार फिरावं लागतं.

इंग्लंडात याच खाडीवर दुसऱ्यांसाठी पैसा उभा राहतो. डेव्हिड वॉलियम्स हा विनोदी नट 2006 मध्ये ती पोहून गेला आणि ‘स्पोर्ट रिलीफ’ या मदतनिधी मोहिमेसाठी दहा लाख पौंडांच्या वर निधी जमला.

‘पण आपल्याकडं समुद्र कुठं हाय बाप्पा?’ लागत नाही समुद्र. मणक्याला इजा होऊन अधू झालेल्यांसाठी काम करणारी ‘अ‍ॅस्पायर’ ही ब्रिटिश संस्था लोकांना गावातल्याच तलावात खाडीएवढं अंतर पोहायला लावते. 22 मैल, 12 आठवड्यांत. नोकरी करणारे, पोटं सुटलेले, पन्नाशीतले, सगळे उतरतात आणि ओळखीपाळखीच्यांकडून देणग्या आणतात.

हिशेब मांडा. 22 मैल म्हणजे सुमारे 35.4 किलोमीटर, 50 मीटरच्या तलावात 708 लॅप. आठवड्याला एकोणसाठच पडतात. लॅपमागे 50 रुपये धरले तर एका माणसामागे 35 हजार 400. पन्नास जण उतरले तर 17 लाख 70 हजार. तेवढ्यात आपल्या एखाद्या दिव्यांग पोराची खाडीची वाट मोकळी होईल.

आणि वर्गणी काढायला वऱ्हाडाला कुणी शिकवायची गरज नाही. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन अकोल्याची पोरं रातोरात राजराजेश्वराच्या मंदिरात येतात. त्या कावडींमागे मंडळं असतात, देणगीदार असतात, पाणी-फराळ घेऊन रस्त्यावर उभी राहिलेली माणसं असतात. लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारणाऱ्या गाडगेबाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातला. अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, तिथे पोहण्याचा तलाव आहे. मग अडलं काहून?

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. या उत्साहात महानच्या काटेपूर्णा धरणात किंवा कुठल्या खदानीत उड्या टाकू नका. अकोला शहर काटेपूर्णेचंच पाणी पितं, शिवाय धरणाचा तळ दिसत नाही, गाळात पाय अडकतो आणि मदतीला बोट नसते. पट्टीचे पोहणारेही असेच जातात. खुल्या पाण्यात उतरायचं तर सोबत बोट हवी, जीवरक्षक हवा, परवानगी हवी. नसेल तर तलाव बरा. लॅप तिथेही तितकेच मोजले जातात.

आता तलाव चालवणाऱ्यांनी तारीख ठरवावी. बारा आठवडे संध्याकाळची एक वेळ राखून ठेवावी, दिव्यांग पोरांसाठी पाण्यात उतरायला उतार आणि कठडा करावा आणि जमलेल्या पैशाचा हिशेब दर आठवड्याला तलावाच्या फाटकावर लावावा. कोण किती लॅप पोहला, कुणी किती दिले, पैसा कुणाच्या खात्यात गेला, सगळं नावानिशी. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी काठावर बसून लॅप मोजावेत आणि पावत्या फाडाव्यात.