खाण्याची विभक्ती

भाच्याचा फोन आला. ‘‘मामा, शनिवारी एका ईटरीमध्ये भेटू या.’’ मला आधी ‘बॅटरीमध्ये’ असं ऐकू आलं. खुलासा मागितला तर म्हणाला, ‘‘कॅज्युअल प्लेस असते, खाण्यापिण्याची.’’

‘‘म्हणजे हॉटेल.’’

‘‘हॉटेल नाही हो मामा. हॉटेलमध्ये रूम्स असतात.’’

आमच्या तीन पिढ्या ज्याला हॉटेल म्हणत आल्या, तिथे रूम सोडाच, पुष्कळदा दारही नव्हतं. एसटी स्टँडसमोर चार पत्रे, दोन बाकडी, काचेच्या कपाटात शेव, बुंदीचे लाडू आणि त्यांच्यावर देखरेख करणारी एक माशी, एवढं जमलं की झालं हॉटेल. मराठी माणूस हॉटेलात भजी खायला जातो; झोपायला तो लॉजवर जातो.

पण भाच्याच्या वाक्यात मला खटकलं ते ‘ईटरी’ नव्हे. खटकलं ते ‘मध्ये’. माझा एक जुना सिद्धान्त आहे. खाण्याच्या जागेला काय म्हणतात ते सोडून द्यावं, तिच्या शेपटाला काय लागतं ते ऐकावं. वर, त, ला, कडे, मध्ये. त्यावरून बिल किती येणार ते घरबसल्या कळतं. (यातले ‘त’ आणि ‘ला’ हेच प्रत्यय, बाकीची शब्दयोगी अव्ययं, हे मला ठाऊक आहे. निवृत्त शिक्षकांनी कृपया पत्रं पाठवू नयेत.)

सगळ्यात स्वस्त ‘वर’. गाडीवर, टपरीवर. टपरीवर कुणी चढत नाही, चढला तर पत्र्यासकट खाली येईल. ‘वर’ म्हणजे उभ्यानं. बशी डाव्या हातात, पाव उजव्या हातात, पाणी पिण्यासाठी तिसरा हात आपला आपण शोधायचा. गाडीवर खाताना लांबून महापालिकेची गाडी दिसली, तर हॉटेलच पळायला लागतं आणि अर्धी भुर्जी खाल्लेलं गिऱ्हाईक बशी परत करायला त्याच्यामागे पळतं. ढाबाही ‘वर’च, फक्त तिथे खाटेवर बसू देतात.

सरकारला लोकांना खाऊ घालायची उबळ आली की तेही ‘वर’च धरतं. 1995 साली युतीचं सरकार आलं आणि एका रुपयात झुणका-भाकर निघाली, 2020 साली दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली. दोन्ही मिळत ‘केंद्रावर’. मतदान करायचं, लस टोचून घ्यायची आणि भाकरी खायची, या तिन्ही गोष्टी सरकारदरबारी एकाच प्रकारच्या जागेत होतात.

‘त’ लागला की बूड टेकायला मिळतं. हॉटेलात, खानावळीत, उपाहारगृहात. या शेवटच्या शब्दातला काना किती पाट्यांवरून गळून पडला आहे, त्याची मोजदाद नाही. उपाहार म्हणजे फराळ, उपहार म्हणजे भेटवस्तू. अशा कित्येक ‘उपहारगृहां’त मी आयुष्यभर जात आलो, पण फडकं मारलेल्या टेबलाच्या ओलाव्याखेरीज भेट म्हणून काही मिळालेलं नाही. दादरच्या मामा काण्यांनी तर आपल्या उपाहारगृहाच्या नावातच ‘स्वच्छ’ हा शब्द घातला. शेजारच्या हॉटेलवाल्यांना तेव्हा काय वाटलं असेल, याचा मी अधूनमधून विचार करतो.

‘ला’ लागते ती मेस. मेसला जातात आणि मेस ‘लावतात’, पोराला शिकवणी लावावी तशी. माझ्या मेसमध्ये खिळ्याला एक वही टांगलेली असे. गावी गेलो तर आदल्या दिवशी सांगून खाडा धरायचा. सलग तीन दिवस गैरहजर राहिलं तरच खाडा, दोन दिवसांचा नाही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या हुशार पोरांनी आजारपणसुद्धा तीन दिवसांच्या पटीत काढलं. वहीच्या शेवटच्या पानावर बाईंनी वाटाण्याच्या भावाचे हिशेब केलेले असत, त्यावरून पुढच्या आठवड्याची उसळ आधीच कळे.

आणि मग ‘कडे’. हा खरा मानाचा. इराण्याकडे, उडप्याकडे, मावशींकडे. इथे जागेला नावच नसतं, माणूस हीच जागा. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, आपण जातो इराण्याकडेच. ‘कडे’चा मोठा फायदा असा, की उधारी चालते. टपरीचं देणं कुणी लागत नाही, देणं लागतो ते टपरीवाल्याचं. गिरणगावातल्या खानावळी याच ‘कडे’वर चालल्या. कामगार पगाराला पैसे देणार, तोवर बाई वाण्याकडून आणि सावकाराकडून उचल करून भाकऱ्या थापणार. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेच्या दारापर्यंत नेण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. एवढा मोठा कापडधंदा त्या काळात कोणाच्या उधारीवर जेवत होता, हे गिरणीमालकांच्या ताळेबंदात कुठे दिसत नाही.

राहिलं ‘मध्ये’. शनिवारी गेलो.

पाटी मात्र मराठीत. 2022 साली कायदा बदलला आणि दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. देवनागरी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असून चालत नाही. त्यामुळे दोन-दोन फुटी देवनागरीत पाच शब्द होते आणि पाचांतला एकही मला कळला नाही. मराठी भाषेचा एवढ्या ठळक अक्षरांत विजय मी पूर्वी पाहिला नव्हता.

आत शिरलो तर काय, टपरी! लाकडी स्टूल, पितळी पातेलं, कान उडालेले कप. भिंतीला मुद्दाम गंजवलेला पत्रा, त्यावर निळा रंग, तोही मुद्दाम पोपडे धरलेला. आमच्या कोपऱ्यावरचा टपरीवाला असा पत्रा बदलायला चार वर्षं पैसे साठवतोय. इथे तो गंज विकत आणला होता. ‘‘व्हाइब बघा मामा,’’ भाचा म्हणाला. मी स्टुलावर बसून बघितली. पाठीला टेकायला काही नव्हतं.

कटिंग आला. एकशेवीस रुपये. बरोबर एक ग्लुकोजचं बिस्किट, लाकडी फळीवर एकटंच उताणं झोपवलेलं.

समोर काचेच्या चौकटीत, खास दिवा सोडून, एक पाटी लावलेली : ‘आज रोख, उद्या उधार’.

बिल आलं. वर पाच टक्के जीएसटी, शिवाय सेवाशुल्क. सेवाशुल्क ऐच्छिक असतं, असं मी भाच्याला हळूच सांगितलं. त्यानं ‘मामा, प्लीज’ असा चेहरा केला. मग मी पोऱ्याला, म्हणजे काळा एप्रन घातलेल्या, माझ्यापेक्षा चांगले बूट असलेल्या तरुणाला, बोलावलं आणि त्या पाटीकडे बोट केलं.

‘‘उद्या येतो. मांडून ठेवा.’’

तो पाटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘सर, ते डेकोर आहे.’’

‘‘आणि मालक कुठे बसतात?’’

‘‘मालक नाहीत सर. ब्रँड आहे.’’

भाच्यानं घाईघाईनं फोन काढून पैसे भरले. बाहेर आल्यावर बराच वेळ गप्प होता. ‘‘मामा,’’ शेवटी म्हणाला, ‘‘पुढच्या वेळी आपण घरीच ॲपवरून मागवू.’’

‘वरून’. हा माझ्या यादीत नव्हता.