तीन ठिपके, दोनशे मेगापिक्सेल

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाची बोलणी चालली होती. हॉल, गुरुजी, आचारी, जिलबी की श्रीखंड, अशी यादी हळूहळू खाली सरकत होती. इतका वेळ मेथी निवडत बसलेली आई म्हणाली, "बाकी काय करायचं ते करा. पण माझा एक धड फोटो काढून ठेवा. पुढं पेपरात द्यायला लागेल."

"आई, काहीतरीच काय बोलता!" बायको म्हणाली.

"काहीतरीच कशाला? हे गेले तेव्हा काय झालं, विसरलात?"

विसरलो नव्हतो. रात्री साडेदहाला पेपरच्या जाहिरात विभागातून 'फोटो पाठवा, पान लागतंय' असे फोन येत होते आणि आम्ही भावंडं कपाटातले अल्बम जमिनीवर पसरून बाबांना शोधत होतो. बाबा सगळीकडे होते. पंगतीत पाठमोरे होते, मुंजीत अर्धे होते, महाबळेश्वरला मफलरच्या आत होते. शेवटी धाकट्या काकांच्या लग्नातल्या ग्रूप फोटोतून त्यांना कात्रीने सोडवलं. त्यांच्या उजव्या खांद्यावर आजही कुणाची तरी चार बोटं आहेत, एका बोटात अंगठी. भिंतीवरच्या फोटोला हार घालताना तो बरोबर त्या बोटांवरून सोडायचा, अशी घरात पद्धत पडली आहे. बोटं कुणाची, यावर आमच्याकडे दोन तट आहेत आणि ते दिवाळीतसुद्धा एकत्र फराळ करत नाहीत.

तेव्हा आईचं म्हणणं चूक नव्हतं. भाच्याने लगेच फोन बाहेर काढला. दोनशे मेगापिक्सेल! एवढे मेगापिक्सेल एका खिशात घेऊन हा मुलगा डोंबिवली लोकलमधून रोज जातो आणि तरी परीक्षेत नापास होतो. "आजी, इकडे बघ." खच. आईने चष्मा पुसला, लावला, फोन हातभर लांब धरला.

"बाई देखणी आहे," ती म्हणाली. "कोण आहे?"

फोटोत सुरकुती नव्हती. गाल नव्या स्टीलच्या डब्यासारखे गुळगुळीत होते. आणि हनुवटीवरचे गोंदणाचे तीन हिरवे ठिपके गायब होते. भाच्याने खुलासा केला, की फोन चेहरा ओळखतो आणि डाग आपोआप काढतो. आई म्हणाली, "आठव्या वर्षी माहेरच्या जत्रेत गोंदलेत. दोन मावश्यांनी धरलं होतं मला. बहात्तर वर्षं साबणानं गेले नाहीत ते तुझ्या फोननं घालवले होय रे?"

हे सौंदर्यकार्य बंद करायची सोय तीन मेनू आत होती. ती बंद करून पुन्हा फोटो काढला. दोन ठिपके परत आले.

अशा रीतीने आमच्या घरात कॅमेरा घ्यायचा ठरला. बजेट १५,००० रुपये. परवडणारा, घरगुती, माणसं माणसांसारखी दिसतील असा. इतकी सोपी मागणी घेऊन मी नातेवाइकांत गेलो, ही माझी चूक.

पहिला सल्ला साडूंचा. आमच्या साडूंकडे तीन वर्षांपासून एक भारी डीएसएलआर आहे. तो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचा की घरी, यावर त्यांच्याकडे दरवर्षी लक्ष्मीपूजनाला चर्चा होते. ते म्हणाले, "पंधरा हजारांत कॅमेरा येत नाही हो. पंधरा हजारांत कॅमेऱ्याची बॅग येते." मग त्यांनी फुल फ्रेमचं महत्त्व सांगितलं. यातला मुद्दा, साडूंनी सांगितला असला तरी, खरा आहे. कॅमेऱ्यात प्रकाश झेलणारा जो सेन्सर असतो तो फुल फ्रेममध्ये ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एखाद्या पोस्टाच्या तिकिटाएवढा. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यात तो साधारण सहा बाय साडेचार मिलिमीटर, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढा. पावसाचं पाणी धरायला एकाने पिंप ठेवलं आणि दुसऱ्याने वाटी, तर फरक पडणारच. ट्यूबलाइटच्या उजेडात वाटीवाल्याचा फोटो दाणेदार येतो, रव्याच्या लाडवासारखा.

पण साडूंच्या वाक्याचा शेवट नेहमी एकच असतो: "एवढे घालताच आहात, तर अजून थोडे घाला." मराठी माणसाचं दिवाळं जुगारात निघत नाही, या वाक्यात निघतं. पंधराचे बावीस झाले, कारण बावीसमध्ये झूम चांगला. बावीसचे पंचेचाळीस झाले, कारण त्यात लेन्स बदलता येते. पंचेचाळीसचे अडुसष्ट झाले, कारण बदलायची तर दुसरी लेन्स नको का? पंधरा दिवसांनी मी कागदावर विम्याच्या पॉलिसीचा नंबर लिहीत असताना बायकोने पाहिलं.

मी तिला दादासाहेब फाळक्यांचा दाखला दिला. १९१२ साली विमा गहाण टाकून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. ती म्हणाली, "त्यांनी दुसऱ्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' काढला. तुमच्या साडूंनी महाबळेश्वरला एका घोड्याचे तीनशे फोटो काढले." यावर मला बोलण्यासारखं काही उरलं नाही. घोडा चांगला आला आहे, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

दुसरा सल्लागार भाचा. त्याची सगळी भिस्त आकड्यांवर. त्याच्या मते पन्नासच्या खालचा मेगापिक्सेल हा मेगापिक्सेलच नव्हे. त्याला समजावलं, की अरे, तुझा फोन दोनशे म्हणतो खरा, पण एरवी सोळा-सोळा ठिपक्यांची मोट बांधून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो हातावर ठेवतो. लग्नपत्रिकेवर दीडशे नावं आणि स्वागताला दारात काका एकटेच, त्यातला प्रकार. तो म्हणाला, "मामा, तुम्हाला टेक्नॉलॉजी कळत नाही." मग मी पाटीवर गणित मांडलं. स्टुडिओत चार बाय सहा इंचाची प्रिंट काढतात, इंचाला ३०० ठिपके. म्हणजे १२०० गुणिले १८००. सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत. भाच्याने हा हिशेब ऐकून घेतला आणि विचारलं, "प्रिंट? प्रिंट कोण काढतं?"

मुद्दा बिनतोड होता.

या आकड्यांच्या खेळाचा उगम, तसा बघितला तर, फार नम्र आहे. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. क्षमता ०.०१ मेगापिक्सेल. एक काळा-पांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. वरिष्ठांनी पाहिलं आणि फारसं मनावर घेतलं नाही, कारण कंपनी फिल्म विकून जगत होती. २०१२ साली त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. घरातल्या पोराने केलेली वस्तू कौतुक न करता माळ्यावर टाकायची, ही पद्धत फक्त आपलीच नाही, हे वाचून मला बरं वाटलं.

तिसरे सल्लागार वरच्या मजल्यावरचे काका. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. "बारा फोटोंत अख्खी मुंज बसवली आहे," ते म्हणाले. "मातृभोजन एक, भिक्षावळ एक, ग्रूप दोन. कुणाला 'अजून एक, अजून एक' म्हणायची सोय नव्हती. डोळे मिटले तर मिटले, तो बटू जन्मभर झोपलेला." काकांनी कॅमेरा कुठला घ्या हे सांगितलं नाही. एवढ्या सल्लागारांत हे एकट्यांनाच जमलं.

शेवटी एका शनिवारी मी बोरा बाजार गाठला. सीएसएमटीपासून चालत पाच मिनिटं, आणि तेवढ्यात तीन जणांनी "कॅमेरा, साहेब?" म्हणून विचारलं. माझ्या चेहऱ्यावर काय लिहिलं होतं कोण जाणे. दुकानदाराचा पहिला प्रश्न कॅमेऱ्याबद्दल नव्हताच. "बिलाचा की बिनबिलाचा?" बिनबिलाचा चार हजारांनी स्वस्त, वॉरंटी 'इंटरनॅशनल'. इंटरनॅशनल म्हणजे बिघडला तर त्या देशात जाऊन दाखवायचा. वर बॅग, कार्ड आणि एक छोटा तिपाई स्टँड फुकट. हा फुकटचा स्टँड म्हणजे रुखवतातला प्लास्टिकचा मोर. वापरायचा नसतो, मोजायचा असतो.

मग त्याने चाळीस पट झूम दाखवला. त्यातला दहा पट भिंगाचा आणि उरलेला डिजिटल. भिंगाचा झूम म्हणजे खरंच जवळून पाहणं. डिजिटल झूम म्हणजे आहे त्याच फोटोचा तुकडा कापून फुगवणं. आम्ही बाबांना कात्रीने सोडवलं तेच, फक्त इथे कात्रीचे वेगळे पैसे. मी म्हटलं, झूम नको. मला माझ्या आईचा फोटो काढायचा आहे, ती चार फुटांवर बसलेली असते. दुकानदार हिरमुसला. इतकं जवळचं गिऱ्हाईक त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटलं.

शेजारच्या काउंटरवर कॉलेजच्या मुलींची गर्दी होती. त्या दहा मेगापिक्सेलचे, चंदेरी, साबणाच्या वडीएवढे जुने कॅमेरे घासाघीस न करता घेत होत्या. फॅशन आहे म्हणे, फ्लॅशमध्ये चेहरे पांढरेफटक येतात ते आता छान दिसतं. तसलाच कॅमेरा २०१६ साली मी स्वतः, चार्जरसकट, भंगारवाल्याला दिला होता. त्याने तो रद्दीच्या काट्यावर वर्तमानपत्रांबरोबर तोलला.

घेतला अखेर सेकंडहँड डीएसएलआर. चौदा मेगापिक्सेल, वय दहा-बारा वर्षं, आणि त्याबरोबर ३५ मिलिमीटरची, १.८ ची लेन्स. ही लेन्स झूम करत नाही, पुढे-मागे आपण व्हायचं. पण तिचं तोंड मोठं असल्याने घरातल्या उजेडात फ्लॅश लागत नाही. दुकानदाराने शटर किती वेळा उडालं तो आकडा दाखवला, मी लेन्स टॉर्चसमोर धरून बुरशी पाहिली. आपल्याकडच्या पावसाळ्यात जी लोणच्याला येते तीच काचेलाही येते. सगळं मिळून १४,८०० रुपये. दोनशे रुपये वाचले. त्यांचा मी वडापाव आणि परतीचा फर्स्ट क्लास केला.

कार्याच्या दिवशी मी सकाळपासून गळ्यात कॅमेरा अडकवून होतो. आईला एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं, त्या उजेडात तिचा चेहरा असा काही दिसत होता की गुरुजीसुद्धा मंत्र सोडून दोन क्षण बघत राहिले. मी खच खच खच काढत होतो. पडद्यावर फोटो क्षणभर दिसत होता, सुरेख येत होता. साडूंचा कॅमेरा दहाव्या मिनिटाला बॅटरी संपून मान टाकून बसला, तेव्हा मला झालेला आनंद त्या मंगल प्रसंगाला शोभणारा नव्हता.

रात्री घरी येऊन कार्ड काढायला झाकण उघडलं. कार्ड लॅपटॉपमध्ये होतं. आदल्या रात्रीपासून.

काही कॅमेरे कार्ड नसतानाही फोटो काढल्याचं नाटक करतात. क्षणभर दाखवतात आणि विसरून जातात. ही सोय दुकानात कॅमेरा हाताळून बघता यावा म्हणून असते आणि ती मेनूत जाऊन बंद करायची असते. मी फुल फ्रेमवर दोन आठवडे वाचन केलं होतं, हे एक पान राहिलं.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. दुपारी आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाटावर बसून उरलेल्या नारळांच्या शेंड्या काढत होती. उत्तरेकडची खिडकी, ऊन नाही, नुसता मऊ उजेड. म्हटलं, आई, वर बघ. तिने शेंडी हातात तशीच ठेवून वर पाहिलं. एकच फोटो. कार्ड आत आहे का, हे त्याआधी दोनदा पाहिलं.

कोपऱ्यावरच्या स्टुडिओत पोस्टकार्ड साइजच्या तीन प्रिंट काढल्या. आईने खिडकीशी नेऊन पाहिली. अंगठ्याने हनुवटीवर एक, दोन, तीन मोजलं. "आलेत," म्हणाली. मग, "पदर नीट नाही. पण असू दे, पेपरात छातीच्या वरचाच घेतात."

तिने बरोबर सांगितलं. एका कॉलमातला फोटो धरला चार बाय पाच सेंटिमीटरचा, तरी चांगल्या छपाईला पाव मेगापिक्सेलच्या आसपास पुरतो.

ती प्रिंट आता तिच्या कपाटात, रेशनकार्ड आणि पेन्शनच्या पुस्तकाखाली, खाकी पाकिटात आहे. पाकिटावर तिने बॉलपेनने लिहिलं आहे: 'फोटो. एक कॉलम पुरे. रंगीत नको, पैसे जास्त पडतात.'