सदाफुलीची सेवा

आमच्या बाल्कनीत येणारा पाहुणा आधी गुलाबाची चौकशी करतो. मग जास्वंदीवरच्या पांढऱ्या किडीबद्दल हळहळतो, कडुनिंबाचं तेल मारायला सांगतो. सदाफुली बरी आहे ना, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. ती बाराही महिने गुलाबी फुलांनी लगडलेली असते, आणि लोक तिला ओलांडून गुलाबाची एकुलती एक आजारी कळी बघायला जातात. ज्याचे रुसवेफुगवे जास्त त्याचा मान मोठा, हा नियम आपल्याकडे जावयापासून गुलाबापर्यंत सारखाच चालतो.

खरं तर बाई मूळची मादागास्करची. एवढ्या भांडवलावर दुसऱ्या एखाद्या झाडानं नर्सरीत काचेआड जागा पटकावली असती. ही मात्र जिन्याच्या फटीत, गटाराच्या कठड्यावर, कंपाउंडच्या भिंतीत, मिळेल तिथे बिऱ्हाड थाटते. शेंग वाळून तडकते, बारीक काळं बी खाली पडतं, पुढचं मुंग्या आणि पावसाचं पाणी बघून घेतं. शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही, कारण पानं कडूजहर. कण्हेर आणि चाफ्याच्या कुळातली आहे ती, चीक आणि विष घराण्यातच आलेलं.

हिला लागतं काय? भरपूर ऊन, तळाला भोक असलेली कुंडी आणि माती वरून सुकल्यावर पाणी. खत फार घातलंत तर पानंच माजतात. खोड लाकडासारखं होऊन फांद्या लांबट वाढल्या की छाटायच्या, नवी फूट येते. बस्स. तिला शत्रू एकच, साचलेलं पाणी. माझ्या मते दुसराही आहे: नुकताच निवृत्त झालेला माणूस.

शेजारच्या काकांनी सदाफुलीची सेवा मनावर घेतली. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पाणी. मुळं कुजायला लागली, झाडानं मान टाकली. मान टाकली म्हणजे तहान लागली असणार, म्हणून काकांनी रात्रीचीही पाळी सुरू केली. शेवटी काकू म्हणाल्या, "अहो, तिला जरा एकटं सोडा. मीही स्वतःसाठी गेली कित्येक वर्षं तेच मागतेय."

काकांसारखेच कॅनडातले संशोधक रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअरही सदाफुलीच्या मागे लागले होते, पण ते मधुमेहावरचं औषध मिळेल म्हणून. जमैकाहून आलेल्या पानांचा अर्क उंदरांना टोचला, तर रक्तातली साखर जागची हलेना, पण पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून 1958 मध्ये विनब्लास्टिन हाती आलं, कॅन्सरवरचं औषध. याच झाडातलं विनक्रिस्टिन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर देतात. एवढं करूनही बाई गटाराच्या कठड्यावरच.

हे मी काकांना सांगितलं, तर त्यांच्या कानात 'मधुमेह' एवढाच शब्द शिरला. आता ते सकाळी अनशापोटी पानं चावायचं म्हणतायत. तेव्हा त्यांना आणि तुम्हालाही हात जोडून सांगतो: ही पानं विषारी आहेत. कॅन्सरचं औषध मोजूनमापून शिरेतून देतात, बाल्कनीतून नाही. साखर असेल तर डॉक्टरकडे जा. आणि सदाफुलीकडे जाताना पाण्याचा तांब्या घरातच ठेवा.