दरबारीतला ढोमा

गाण्यातलं मला कळतं, असं आमच्या घरात फक्त माझंच मत आहे. त्यामुळे गोव्याजवळच्या समुद्रात हंपबॅक देवमाशांचं गाणं टिपल्याचं वाचलं आणि मी ताठ बसलो. गातात फक्त नर. एकेक चीज दहा-वीस मिनिटांची, तीच तासन्‌तास घोळवायची. एका भागातले सगळे एकच गाणं गातात आणि सगळे मिळून हळूहळू ते बदलतात. घराणंच की! इतर हंपबॅक उन्हाळ्यात खायला ध्रुवांकडे जातात, अरबी समुद्रातले मात्र इथलं पाणी सोडत नाहीत. ओमानकडे मोजले तेव्हा शंभरही भरले नव्हते. त्यांतल्या लुबान नावाच्या मादीला २०१७ साली उपग्रहाशी बोलणारं यंत्र लावलं, तर ती ओमानहून निघून थेट आपल्या दक्षिण टोकाशी आली. पण बाई गात नाहीत. गाण्यावरून माग काढायचा, तर बुवाच गाठायला हवेत.

म्हणून भाच्याकडून हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात सोडायचा मायक्रोफोन, मागून घेतला (त्याने तो दोनदा पुसून, तीनदा बजावून दिला), मालवणला होडी ठरवली, हिच्या आग्रहाने आल्याची वडी खिशात टाकली, ती विरघळून चष्म्याला चिकटली, चष्मा सोडवताना टोपी उडाली, टोपीला झेपावताना हायड्रोफोनची वायर नांगराच्या दोरात गुंतली, आणि तांडेल शांतपणे ती सोडवत असताना मी होडीच्या काठावरून सकाळचे पोहे समुद्राला परत केले. मग कानाला हेडफोन लावला.

आधी नुसती तडतड, फोडणीत मोहरी पडावी तशी. ही तळाजवळच्या चिमुकल्या कोळंब्यांची; नांगी मिटताना त्या असा बार काढतात. आणि मग, ऊन उतरता उतरता, खालून एक खर्जातला स्वर उठला. घुमारदार. मी डोळे मिटले, मान डोलावली, गंधारावरचं आंदोलन ऐकून ‘दरबारी!’ असं पुटपुटलो आणि हेडफोन तांडेलाच्या कानाला लावला.

"तात्यानू," तो म्हणाला, "ह्यो ढोमो. साधो मासो, देवमासो नाय."

रेकॉर्डिंग ऐकून भाचा हसला नाही, हे त्याचे संस्कार. तो म्हणाला, "मामा, खरं काम करणारे होडीत बसून राहत नाहीत. यंत्र महिनोन्‌महिने समुद्रतळाशी ठेवतात, नंतर संगणकावर आवाजाची चित्रं काढून कुठल्या महिन्यात किती गाणं झालं ते बघतात." लक्षद्वीपला निळ्या देवमाशांचं गाणं असंच टिपलं, तर सगळ्यात जास्त गाणं एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या तोंडावर, निघालं. त्यांचा खर्ज तर इतका खोल, की आपल्या कानाला तो जेमतेमच लागतो.

"तुमच्या कानाला तर नाहीच," ही आतून म्हणाली. तांडेलाने येताना बांधून दिलेला ढोमा तेव्हा ती रव्यात घोळवत होती. "आणि तुमचे बुवा कुरकुरीत करू, की रश्शात सोडू?"

कुरकुरीत म्हणालो.