आराखडा आखणाऱ्या साहेबांस

राज्यातील दिव्यांगांसाठी आराखडे आखणारे माननीय साहेब यांस,


पत्रास कारण की, आपले आभार मानायचे बरीच वर्षं राहून गेले. आमचे चिरंजीव यंदा 27 वर्षांचे झाले. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. बोलतात, चेष्टा करतात, क्रिकेटचा स्कोअर गल्लीत सगळ्यांच्या आधी त्यांना ठाऊक असतो. फक्त बिछान्यातून खुर्चीत यायला दोन माणसं लागतात. घरात माणूस एकच, मी. माझं वजन 46 किलो, त्यांचं 61. हे आकडे आपल्या कुठल्याच फॉर्मात विचारलेले नाहीत, म्हणून इथे कळवते.

प्रथम नावाबद्दल धन्यवाद. मुलगा जन्मला तेव्हा अपंग होता, आता दिव्यांग आहे. 2022च्या डिसेंबरात आपण त्याच्यासाठी स्वतंत्र विभागही काढलात. पाट्या नव्या, शिक्के नवे, लेटरहेड नवं. सकाळी सातला त्याला उठवणारी कंबर तेवढी जुनीच राहिली. असो, सगळं एकदम कसं होणार?

व्हीलचेअरचे उपकार तर फिटणारच नाहीत. शिबिरात ती देताना खुर्चीला सहा जणांचे हात लागले होते, फोटोत मोजलेत मी. खुर्ची उत्तम आहे. आमच्या न्हाणीघराचं दार तिच्याहून दोन बोटं अरुंद निघालं, हा दोष दाराचा. घरी येऊन कुणी टेप लावली असती तर हे कळलं असतं. पण शिबिर मांडवात भरतं, घरात नाही. तिच्यावर उन्हाळ्यात कुरडया वाळतात. छान वाळतात.

एसटीच्या 75 टक्के सवलतीबद्दलही ऋणी आहोत. जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिओथेरपीला जाताना तिकीट पाव होतं. गाडीच्या पायऱ्या मात्र पुऱ्याच चढाव्या लागतात. त्या मी, कंडक्टर आणि एखादा कॉलेजचा मुलगा मिळून त्याला चढवतो. आठवड्यातून तीनदा यायला सांगितलंय. आम्ही महिन्यातून एकदा जातो.

आणि साहेब, तो 2016चा दिव्यांग हक्क कायदा! इतका गोड आहे की मी त्याची प्रत देवघरात ठेवली आहे. कलम 5 म्हणतं, दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुकच निवासात राहा अशी सक्ती त्याच्यावर नाही, आणि घरी, शेजारी, गावात लागणारी मदत, वैयक्तिक मदतनीससुद्धा, त्याला मिळावी. कलम 24 मध्ये जास्त मदत लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्ता लिहिलाय. कलम 38 मध्ये त्या जास्तीच्या मदतीसाठी अर्ज करायची सोय आहे. वाचून मी रडले हो. मग पदर खोचून अर्ज घेऊन गेले. टेबलावरच्या भाऊंनी कागद उलटसुलट पाहिला आणि फार मायेनं विचारलं, “ताई, हा फॉर्म नक्की आमच्याकडचा आहे का?” दुसऱ्या टेबलावर पाठवलं. तिथून तिसऱ्या. तिसऱ्या टेबलावरचे साहेब रजेवर होते. तो अर्जही आता देवघरातच आहे.

तिकडे केरळात अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांना सरकार महिन्याला 600 रुपये देतं म्हणे. सहाशेत काय येतं, हे तुम्हीही म्हणाल, मीही म्हणेन. पण तिथल्या यादीत काळजी घेणारीचं नाव तरी आहे. तमिळनाडूनं 2022 मध्ये जागतिक बँकेकडून कर्ज काढलं, सेवा दिव्यांगांच्या दारापर्यंत न्यायला. कर्ज काढून सण करणारे लोक!

आपल्याकडे रोख व्यवहार. संजय गांधी निराधार योजनेत चिरंजीवांना 1500 मिळत, त्याचे आता 2500 झाले, देव आपलं भलं करो. अट एवढीच की घरचं वर्षाचं उत्पन्न 50,000 च्या आत हवं. म्हणजे महिन्याला साडेचार हजार कमावणारं घर आपल्या लेखी खाऊनपिऊन सुखी. शिलाईत मला तेवढे सुटत नाहीत, तेव्हा आम्ही भाग्यवान.

आमच्या पालिकेच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखलेले असतात, हे मला मार्चअखेरीस कळतं. तेव्हा पालिकेला आमची आठवण दाटून येते. मागच्या खेपेला चादर आली. मी भीत भीत विचारलं, या पैशातून वॉर्डातल्या दोन बायांना सकाळ-संध्याकाळ तासभर घरोघरी उचल-ठेवीच्या कामाला लावता येईल का? आमच्या गल्लीतच तीन घरांना गरज आहे, आणि काम हवं असलेल्या बाया तर डझनभर. “तशी तरतूद नाही,” उत्तर आलं. चादरीची होती.

आपला एक सल्ला मात्र मला दर फेरीत मिळतो: “संस्थेत ठेवा ना.” निवासी शाळा अठराव्या वर्षी संपली, तेव्हा मुलगा परत आला. आता ज्या संस्थेचं नाव सुचवतात ती तीन जिल्हे पलीकडे आहे आणि तिची प्रतीक्षायादी आहे. तो तिथे गेला तर स्कोअर सांगायला गल्लीतली पोरं नसतील, खिडकीखालचा चहावाला नसेल, मी नसेन. समाजात राहायचा हक्क म्हणता तो हाच समाज ना, साहेब? की आराखड्यात वेगळा काढलाय?

तेव्हा एकच विनंती. पुढचा आराखडा मंत्रालयात आखण्याआधी एकदा आमच्याकडे या. बैठक सकाळी सातला ठेवू. एका बाजूनं मी धरीन, दुसऱ्या बाजूनं आपण धरा. चहा माझ्याकडून.

कळावे, लोभ आहेच, तो असाच दुरून असू द्यावा.

आपली नम्र,
एक लाभार्थी माता

ता. क. : हयातीच्या दाखल्याचे दिवस जवळ आले. दरवर्षीप्रमाणे चिरंजीव जिवंत आहेत, याची आपण खात्री करून घ्यालच. फॉर्म मी नीट पाहिला. आईच्या हयातीचा रकाना त्यात नाही.